खोट्या बँडची खरी कमाई

अठ्ठ्याण्णव डॉलर. १९८९ ते २००६ या काळात 'धिस इज स्पायनल टॅप' या चित्रपटाच्या संगीतविक्रीतून झालेलं एकूण उत्पन्न म्हणून व्हिवेंदी या फ्रेंच कंपनीने एवढा आकडा दाखवला, असं २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दाखल झालेल्या दाव्यात म्हटलं होतं. दावा लावला होता हॅरी शीअरर यांनी. चित्रपटातल्या बँडचे ते बेस गिटारवादक, आणि त्यातल्या गाण्यांच्या चौघा कर्त्यांपैकी एक. टी-शर्ट, पोस्टर वगैरे मालाचा हिशेब तर आणखी बहारीचा. १९८४ ते २००६ या बावीस वर्षांत जगभरातल्या विक्रीतून चौघांच्या वाट्याला मिळून ८१ डॉलर. माणशी वीस डॉलर आणि वर थोडी चिल्लर. पुढच्या वर्षी ख्रिस्तोफर गेस्ट, मायकेल मॅकीन आणि दिग्दर्शक रॉब रायनर हे उरलेले तिघेही दाव्यात सामील झाले आणि मागणी साडेबारा कोटी डॉलरवरून चाळीस कोटींवर गेली.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८४ चा विनोदपट. उतरती कळा लागलेला एक इंग्लिश हेवी मेटल बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला आहे आणि एक भाबडा दिग्दर्शक त्यांच्यावर माहितीपट बनवतो आहे, असा सगळा बनाव. बँड खोटा, माहितीपट खोटा, मुलाखती बहुतांशी जागच्या जागी सुचलेल्या. इंग्लिश म्हणून मिरवणारे तिघे वादक मुळात अमेरिकी नट. (त्यातल्या गेस्ट यांना पुढे वडिलांमागून खरोखरच इंग्लंडची सरदारकी मिळाली आणि काही वर्षं ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे सभासद होते. पटकथाकाराला हे सुचलं असतं तर निर्मात्याने 'जरा अती होतंय' म्हणून कापलं असतं.) एवढ्या सगळ्या खोट्यात खरी होती ती गाणी. ती याच लोकांनी लिहिली, बांधली, वाजवली आणि गायली.

माझं म्हणणं सरळ आहे. विनोदासाठी केलेलं गाणं हे आधी गाणं असतं, विनोद नंतर. त्याला लागणारी मेहनत, त्याचा हक्क आणि त्याचा हिशेब हे कुठल्याही 'गंभीर' गाण्याइतकेच खरे. पण हे मानायला ना कंपन्या तयार असतात ना कायदा, आणि श्रोते म्हणून आपणही नसतो. गायक काल्पनिक असला की गाण्याचा मालकही काल्पनिक असल्यासारखा सगळ्यांचा व्यवहार चालतो. त्यामुळे असं संगीत करणाऱ्याची गत इकडे आड तिकडे विहीर अशी होते. गाणं अगदी स्वतंत्र केलं तर निर्मिती कंपनी ते गिळते, आणि मूळ ढंगाच्या फार जवळ नेलं तर मूळ गाण्याचा हक्कदार येऊन अर्धं उचलून नेतो. दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष घडलेल्या आहेत.

'खोट्या बँडची गाणी, त्यात काय एवढं' असं वाटणाऱ्यांनी एकदा 'बिग बॉटम' कान देऊन ऐकावं. विषय सभ्य बैठकीत सांगण्यासारखा नाही. स्त्रीच्या पार्श्वभागाचं कवतिक आहे, एवढं सांगून पुढे जातो. पण या गाण्यात तिघेही बेस गिटार वाजवतात. लीड गिटार नाहीच. तीन खर्जातली वाद्यं एकावर एक चढवल्यावर जो जाडजूड, घुमणारा, हलायला अंमळ वेळ घेणारा आवाज होतो, तोच गाण्याचा विषय आहे. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्यालाही हसू फुटेल, कारण विनोद वाद्यरचनेतच बसवलेला आहे. आणि एवढा खर्ज असूनही गाणं चिखल होत नाही, ठेका सुटत नाही. ते ज्याला जमतं त्याला वाद्यमेळ कळतो.

शिवाय या बँडला चित्रपटाने वीस वर्षांचा इतिहास दिला आहे, आणि तो नुसता सांगून भागत नाही, ऐकू यावा लागतो. १९६५ चं म्हणून जे 'गिमी सम मनी' येतं ते त्या काळातल्या इंग्लिश पोरांच्या बीट संगीताच्या बाजाचं आहे: तीन-चार स्वरमेळ, थोडा उर्मटपणा, पातळ ध्वनिमुद्रण. दोनच वर्षांनी हीच मंडळी फुलं माळून 'फ्लॉवर पीपल'चं गाणं म्हणतात, कारण १९६७ साली सगळेच म्हणत होते. मग केस वाढतात, अँप्लिफायर वाढतात आणि इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळावरचं 'स्टोनहेंज' येतं. रंगमंचावर अठरा फुटी दगडी कमान हवी असते; कागदावर फुटाच्या खुणेऐवजी इंचाची खूण पडते आणि वरून अठरा इंची कमान उतरते. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. त्या फजितीच्या मागे जे वाजत असतं ते कोणी लक्षात ठेवत नाही. ते गाणं मात्र त्या जातीच्या गूढ-गंभीर गाण्यांत बेमालूम खपून जाईल असं आहे, मधल्या मेंडोलिनच्या उड्यांसकट. गाणं कच्चं असतं तर अठरा इंची कमान नुसती गंमत ठरली असती. गाणं पक्कं आहे, गाणारे त्यात पुरते बुडालेले आहेत, म्हणून ती फजिती वाटते.

हे फक्त पडद्यापुरतंही राहिलं नाही. १९७९ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात हा बँड पहिल्यांदा अवतरला होता. चित्रपटानंतर तो 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमात वाजला. १९९२ साली 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ वेम्ब्लीला झालेल्या जलशात वाजला, त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजला. २००७ च्या 'लाइव्ह अर्थ' या जलशात 'बिग बॉटम'साठी वेम्ब्लीच्या मंचावर बेस गिटारवाल्यांची अख्खी पलटण उभी राहिली. तिकिटं खरी विकली गेली, ध्वनिमुद्रणं खरी विकली गेली. काल्पनिक काय ते ८१ आणि ९८ डॉलरचे हिशेब, असं कोणाला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं, आणि माझ्या मते संगीत म्हणून जास्त अवघड. २००७ चा 'वॉक हार्ड: द ड्यूई कॉक्स स्टोरी'. जेक कॅस्डन दिग्दर्शक, लेखन त्यांचं आणि जड अॅपटाऊ यांचं. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत रे चार्ल्स आणि जॉनी कॅश यांच्यावर चरित्रपट येऊन गाजले होते: गरिबी, भावाचा मृत्यू, पहिली बायको, अमली पदार्थ, पश्चात्ताप, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. त्या साच्याची ही टर. ड्यूई कॉक्स पन्नाशीच्या दशकातल्या रॉकॅबिलीपासून (रॉक आणि कंट्री संगीताचं मिश्रण) सुरुवात करतो आणि येईल त्या लाटेवर स्वार होत जातो. म्हणजे एकाच नटाला, जॉन सी. रायली यांना, एकाच आवाजात जवळजवळ अर्ध्या शतकाचं अमेरिकन लोकप्रिय संगीत गावं लागलं. त्यांनी स्वतः गायलं, कोणाचा आवाज उसना घेतला नाही.

इथे पडद्यामागची माणसं पाहा. शीर्षकगीताची चाल मार्शल क्रेनशॉ यांची. हे तेच, ज्यांनी 'ला बाम्बा' या चित्रपटात रॉक गायक बडी हॉलीची भूमिका केली होती. अमेरिकी गायक-कवी बॉब डिलनच्या ढंगाचं 'रॉयल जेली' हे डॅन बर्न यांच्या लेखणीतलं. या गृहस्थांना सगळ्या कारकिर्दीत 'दुसरा डिलन' हे बिरूद नको तितक्या वेळा ऐकून घ्यावं लागलं आहे. ते त्यांनी एका गाण्यात वसूल केलं. त्या गाण्यात ओळीमागून ओळ प्रतिमा कोसळत राहतात, कशाचा कशाशी मेळ नाही, पण यमक, श्वास घेण्याच्या जागा आणि नाकातला तो तक्रारखोर सूर इतका अचूक की दुसऱ्या कडव्यापर्यंत आपण अर्थ शोधू लागतो. मग लक्षात येतं की अर्थ नाहीच, आणि आपण पकडले गेलो आहोत.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो 'ब्लॅक शीप'चा प्रकार. कथेत ड्यूईला 'बीच बॉइज' या बँडच्या ब्रायन विल्सनसारखं वेड लागतं. स्टुडिओत बकऱ्या आणि वाद्यांची फौज, आणि पन्नास हजार डिजरिडूंची (ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब फुंकवाद्य) मागणी. बीच बॉइजच्या १९६६-६७ मधल्या अर्धवट सोडलेल्या 'स्माइल' या अल्बमवरचा हा विनोद. त्या 'स्माइल'साठी शब्द लिहिणारे होते व्हॅन डाइक पार्क्स. आणि चाळीस वर्षांनी 'ब्लॅक शीप'चं वाद्यसंयोजन कोणी केलं? त्याच व्हॅन डाइक पार्क्स यांनी. आपल्याच तरुणपणीच्या भव्य अपयशाचं विडंबन करायला मूळ कारागीर येऊन बसला. आता या गाण्याला नक्कल म्हणायचं की मूळ कामाची पुढची आवृत्ती? मी हे गाणं विनोद विसरून, केवळ त्यातल्या तंतुवाद्यांच्या आणि कंठस्वरांच्या गुंफणीसाठी ऐकतो.

चित्रपट आपटला. खर्च साडेतीन कोटी डॉलरचा, जगभरातली तिकीटविक्री जेमतेम दोन कोटी. शीर्षकगीताला गोल्डन ग्लोब आणि ग्रॅमी या दोन्ही पुरस्कारांची नामांकनं मिळाली, एवढंच. तरी चित्रपट विस्मरणात गेला नाही. चरित्रपटांच्या प्रत्येक नव्या लाटेत त्याचं नाव निघतं, आणि निघतं तेव्हा गाण्यांसकट निघतं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. शंभर वर्षांपूर्वी अत्र्यांनी 'केशवकुमार' होऊन रविकिरण मंडळाच्या आणि इतर कवींच्या लकबींची जी धुलाई केली, ती त्यांना ती वृत्तं, तो शब्दकळेचा नखरा त्या कवींइतकाच हातात होता म्हणून. ज्याला छंद सांभाळता येत नाही त्याचं विडंबन म्हणजे नुसता शिमगा. आपल्याकडे अत्र्यांच्या त्या कवितांना वाङ्मय म्हणून मान आहे, त्यावर पाठ्यपुस्तकांत धडे झाले. पण हाच न्याय आपण विनोदी गाण्याला लावत नाही. दूरदर्शनपासून आजच्या वाहिन्यांपर्यंत विनोदी कार्यक्रमांत जी चालीवर बेतलेली गाणी येतात, ती कोणी लिहिली, साथ कोणी केली, हे शेवटच्या श्रेयनामावलीत सापडलं तर नशीब. ती नामावलीही आता जाहिरातीसाठी चिमटीत दाबली जाते.

आता पैशाकडे येऊ. स्पायनल टॅपच्या चौघांचा करार १९८२ चा, एम्बसी पिक्चर्सशी केलेला. दाव्यानुसार, सगळ्या मार्गांनी येणाऱ्या निव्वळ उत्पन्नात चौघांचा मिळून ४० टक्के वाटा ठरला होता. पुढे एम्बसीच राहिली नाही. चित्रपट हातोहात विकला जात फ्रान्सच्या कॅनाल प्लसकडे आणि तिथून व्हिवेंदीच्या छत्राखाली गेला. ध्वनिमुद्रणं विकणारी युनिव्हर्सल म्युझिक त्या वेळी त्याच छत्राखालची. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात किती गेले, हे सांगणारा आणि त्यावर सही करणारा एकच. 'निव्वळ' हा शब्द हॉलिवुडच्या करारांत किती निर्दयपणे वापरला जातो, हे तिथल्या लेखकांना विचारा. जाहिरात, वितरण, व्याज, कार्यालयीन खर्च असं सगळं वजा करत गेलं की गाजलेल्या चित्रपटाच्याही हिशेबात नफा म्हणून काही उरत नाही. कर्त्यांच्या तोंडाला पानं पुसण्याची ही जुनी आणि कायद्याच्या कक्षेत बसवलेली रीत.

यावर एक प्रतिवाद नेहमी होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पैसा निर्मात्याने घातला, धोका त्याने पत्करला. नटांनी सही केली, मानधन घेतलं. मग तीस वर्षांनी रड कशाला? पण या प्रतिवादात एक गोष्ट विसरली जाते. वाटा मागणाऱ्याने धोका पत्करलेलाच असतो. आज कमी घेतो, चाललं तर उद्या दे, असा तो सौदा. तो सौदा केल्यावर निर्माता 'धोका माझा' म्हणू लागला तर सौद्याला अर्थ काय राहिला? आणि ज्याच्या वाट्याला टक्का आहे त्याला वही पाहण्याचा अधिकार नसेल तर टक्का चार असो की चाळीस, सारखाच.

काल्पनिक बँडच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. खऱ्या बँडच्या मागे त्याचा व्यवस्थापक असतो, वकील असतो, रेकॉर्ड कंपनीशी त्याचा वेगळा करार असतो. स्पायनल टॅपचा व्यवस्थापक मात्र पात्र होतं, हातात क्रिकेटची बॅट घेऊन फिरणारं. संगीत हे चित्रपटाच्या 'मालाचा' भाग म्हणून एकगठ्ठा जातं, संवादांबरोबर आणि वेशभूषेबरोबर. अमेरिकी कायद्यात १९७८ नंतर केलेलं हक्कांचं हस्तांतरण पस्तीस वर्षांनी मागे घेण्याची सोय आहे. पण काम नोकरीत किंवा फर्माईशीने केलेलं असेल तर ती लागू नाही. चौघांनी ती सोय वापरायची म्हटल्यावर नेमका हाच वाद उभा राहिला: गाणी ही तुमची निर्मिती, की स्टुडिओने करवून घेतलेलं काम? कोर्टाने त्याचा कायमचा निकाल दिलाच नाही. २०१९ मध्ये युनिव्हर्सलशी तडजोड झाली, त्यात ध्वनिमुद्रणांचे हक्क पुढेमागे कर्त्यांकडे यावेत असं ठरलं. २०२० मध्ये उरलेलं प्रकरणही मिटलं. चौघांचं भलं झालं असेल तर आनंदच आहे. पण तडजोडीने दाखला तयार होत नाही. पुढच्या चौघांना पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागेल, आणि त्यांच्यातला कोणी शीअररांइतका नामवंत असेलच असं नाही.

ही झाली विहीर. आता आड.

१९७८ साली एरिक आयडल हा विनोदी नट आणि नील इनेस हा संगीतकार यांनी 'द रटल्स' नावाच्या खोट्या बँडवर टीव्हीपट आणला. बीटल्सच्या चरित्राची सरळसरळ गंमत. सगळी गाणी इनेस यांची, आणि ती इतकी बीटल्सी की बीटल्सचे भक्तही चक्रावले. जॉर्ज हॅरिसन यांनी स्वतः त्यात छोटी भूमिका केली. ज्यांची टर उडवली त्यांतल्या एकाचा तो आशीर्वादच. खटला केला तो बीटल्सच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या एटीव्ही म्युझिक या कंपनीने. इनेस यांनी संगीततज्ज्ञ नेमून आपल्या चाली स्वतंत्र असल्याचं दाखवण्याचा प्रयत्न केला, पण लढत राहण्याइतका पैसा कोणाकडे असतो? कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि अल्बममधल्या गाण्यांच्या उत्पन्नाचा अर्धा भाग एटीव्हीकडे गेला. लेनन-मॅकार्टनी यांना त्यातून काही समाधान मिळालं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क तरी कुठे त्यांच्या हातात होते! १९८५ मध्ये ती कंपनी मायकेल जॅक्सनने घेतली. म्हणजे इनेस यांच्या चालीचा अर्धा वाटा पुढे अशा माणसाकडे गेला, ज्याचा त्या विनोदाशी काहीच संबंध नव्हता.

गंमत अशी की पुढे ओअॅसिस या बँडच्या १९९४ च्या 'व्हॉटेव्हर'मध्ये इनेस यांच्या एका जुन्या गाण्याची चाल सापडली आणि तिथे त्यांना सहलेखनाचं श्रेय मिळालं. या दोन प्रसंगांत मला फरक दिसतो तो असा. दुसऱ्यात एका ठराविक गाण्याची ठराविक चाल उचलली गेली. पहिल्यात बहुतेक ठिकाणी उचलला होता तो ढंग. बास कसा चालतो, सोबतीचे सूर कुठे येतात, कडव्याच्या शेवटी चाल कशी वळते, याला ढंग म्हणायचं. ढंगाला मालक नसावा. असता तर रॉक संगीत जन्मालाच आलं नसतं. ते सगळं ब्लूज आणि चक बेरी यांच्याकडून घेतलेल्या उधारीवर उभं आहे. स्वतः बीच बॉइजनी 'सर्फिन यूएसए' बेरींच्या चालीवर बसवलं. ती ढंगाची उसनवारी नव्हती, चालच होती, म्हणून तिथे बेरींचं नाव लागलं आणि ते योग्यच झालं.

ही रेघ कायद्याच्या पुस्तकात आहे, पण कोर्टात ती हलते. २०१५ साली 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात अमेरिकी ज्यूरीने मार्विन गे यांच्या वारसांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये वरच्या कोर्टात तो टिकला. तिथे सूर आणि शब्द सारखे होते, की फक्त ठेका आणि माहोल, यावर संगीतकार आजही भांडतात. २०२३ मध्ये त्याच मार्विन गेंच्या दुसऱ्या एका गाण्यावरून एड शीरनवर झालेला खटला मात्र शीरनने जिंकला. म्हणजे निकाल कुठल्याही बाजूने जाऊ शकतो. आता विचार करा: आज कोणी 'वॉक हार्ड'सारखा अल्बम करायला घेतला, ज्यात एकेक गाणं मुद्दाम एकेका प्रसिद्ध गायकाच्या बाजाचं आहे, तर स्टुडिओचा वकील पहिल्या बैठकीत काय म्हणेल? तो म्हणेल, जरा लांबून जा. आणि विडंबनात लांबून जाणं म्हणजे न करणं. ब्रिटनने २०१४ साली आपल्या कायद्यात विडंबन आणि शैलीची नक्कल यांना नाव घेऊन सवलत दिली. रटल्सना ती मिळायला छत्तीस वर्षं उशीर झाला.

भारतात काय आहे? चित्र अर्धं बरं, अर्धं वाईट. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपट संगीताचा पहिला मालक निर्माता. त्याच्याही आधी, साठीच्या दशकात, गायकांना रॉयल्टी हवी म्हणून लता मंगेशकर अडून बसल्या होत्या आणि त्यावरून त्यांचं आणि मोहम्मद रफींचं काही वर्षं एकत्र गाणं थांबलं होतं. पारडं कलावंतांकडे झुकायला कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेरही जोर लावला. तेव्हापासून चित्रपटातल्या गाण्याचा कवी आणि संगीतकार यांनी कितीही सह्या केल्या तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला समान वाट्याचा हक्क त्यांना सोडून देता येत नाही. सही करून गमावता येत नाही असा हक्क. हे मला फार मोलाचं वाटतं. स्पायनल टॅपच्या चौघांकडे असं काही असतं तर भांडण मालकी कोणाची यावर न अडता थेट हिशेबावर आलं असतं. हिशेब दाखवण्याची सक्ती मात्र आपल्याकडेही ढिलीच आहे.

वाईट बाजू विडंबनाची. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा आहे. विडंबनाचं नाव त्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाच्या प्रकरणात उदार भूमिका घेतली होती: मूळ नाटकातले प्रसंग आणि पात्रं घेऊन त्यावरच टीका करणारं नाटक हा वाजवी वापर ठरला. पण एका उच्च न्यायालयाच्या निकालावर किती दिवस काढायचे? मुंबई-पुण्यात गिटार घेऊन जुन्या चालींची फिरकी घेणारी पोरं आज यूट्यूबवर काम करतात. तिथे निवाडा आधी यंत्र करतं: सूर जुळले की उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात. दाद मागता येते, पण तोपर्यंत गाण्याचे चार चलतीचे दिवस संपलेले असतात. इनेस यांच्याकडे निदान संगीततज्ज्ञ नेमायला वेळ होता.

आणि याच सुमारास काल्पनिक बँडची एक नवी जात बाजारात आली आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात 'द व्हेल्व्हेट सनडाउन' नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळाले. गाणी सत्तरीच्या दशकातल्या रॉकच्या वळणाची, चार वादकांचे फोटो, चरित्र, सगळं जागच्या जागी. नंतर कबुली आली की हा सगळा कृत्रिम बुद्धिमत्तेचा उद्योग. स्पायनल टॅपनेही खोटे वादक आणि खोटं चरित्र दिलं होतं, पण त्यांच्या गाण्यामागे चार माणसं होती, त्यांनी त्या ढंगाकडे बघून काहीतरी म्हटलं होतं, आणि ती माणसं वाटा मागायला कोर्टात उभी राहू शकली. इथे ढंग तेवढा उचलला आहे. त्यावर म्हणणं काही नाही, हसण्याची जागा नाही, वाटा मागणाराही नाही. कुठल्याही कंपनीच्या हिशेबनिसाला याहून सोयीचा बँड मिळणार नाही. 'ढंगाला मालक नसावा' असं मी वर म्हटलं, त्याचा सगळ्यात मोठा फायदा हीच मंडळी उठवणार, हे मला दिसतं आहे. तरीही ढंगावर मालकी द्या असं मी म्हणणार नाही; त्या मालकीचा पहिला बळी उद्याचा नील इनेस असेल. वेगळी वागणूक द्यायचीच तर ती माणसाने केलेल्या विडंबनाला द्यावी, नाव घेऊन.

म्हणून कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेच्या शेजारी विडंबन आणि शैलीची नक्कल हे शब्द यायला हवेत, आणि सवलत मिळणारं काम माणसाचं असावं ही अटही तिथेच घालायला हवी. चित्रपटात आणि मालिकांत वाजलेल्या प्रत्येक तुकड्याची जी यादी (क्यू शीट) रॉयल्टी गोळा करणाऱ्या हक्कसंस्थांकडे जाते, तिच्यात विनोदी प्रवेशातली वीस सेकंदांची चाल आणि तालमीत दोन नटांनी जुळवलेलं कडवंसुद्धा खऱ्या नावांनी नोंदलं जावं. आणि ज्याचा टक्का ठरला आहे त्याला वर्षातून एकदा वही उघडून दाखवणं निर्मात्यावर बंधनकारक असावं, मग गाणं गाणारा पडद्यावर ड्यूई कॉक्स असो नाहीतर आणखी कोणी. यातल्या शेवटच्या मागणीला निर्माते सगळ्यात जास्त विरोध करतील, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.